गच्चीवरचा हिरवा हौद

शेवाळ हे घासून काढायचं असतं, याबद्दल त्या इमारतीत कोणाचंच दुमत नव्हतं. जिन्याच्या कोपऱ्यात दिसलं की ब्रशने खरडायचं, वर फिनेल ओतायचं आणि मग खालच्या मजल्यावरच्यांच्या दारापुढच्या शेवाळाकडे बघून नाक मुरडायचं, अशी तिथली जुनी वहिवाट. त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरचे जावईबापू गच्चीवर हौद आणून त्यात मुद्दाम, हौसेने शेवाळ वाढवणार आहेत, ही बातमी जिन्याने खाली उतरली तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी आधी त्यांना ताप आहे का ते विचारलं.

जावईबापू हे काही त्यांचं नाव नव्हे. पण बायकोचे वडील हेडमास्तरकीतून निवृत्त होऊन त्यांच्याकडे राहायला आले, आणि निवृत्त झाले ते फक्त हेडमास्तर, त्यांचा आवाज अजून नोकरीवरच होता. दिवसातून कितीतरी वेळा ते अशा खणखणीत सुरात "जावईबापू" म्हणून हाक मारायचे की दूधवाला, इस्त्रीवाला, मीटर बघायला येणारा, सगळे तेच म्हणू लागले. एरवी जावयाला निदान एका घरी तरी मान मिळतो. हे अख्ख्या इमारतीचे जावई होते आणि मान कुठेच नव्हता.

त्याचं मूळ सासरेबुवांच्या एका वाक्यात होतं. जावईबापू बटाट्याच्या वेफर्सच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात होते. गुणवत्ता विभाग म्हणजे एक टेबल, एक तराजू, एक सूक्ष्मदर्शक आणि स्वतः जावईबापू. मीठ बेताचं आहे का, तेल जास्त तर नाही, वेफर दाताखाली नीट वाजतो का, हे पाहून माल पास करायचा. घरी पाहुणे आले आणि जावई काय करतात असं कोणी विचारलं, की सासरेबुवा चष्मा पुसत म्हणायचे, "आमचे जावई वेफर्स खातात. पगारी." पाहुणे हसायचे, बायको आत जाऊन भांडी आपटायची आणि जावईबापू चहाच्या कपात बघत बसायचे. सासरेबुवा माणूस वाईट नव्हते हो. पण ज्यांच्या हाताखालून डॉक्टर, इंजिनियर, कलेक्टर झालेली पोरं गेली त्यांना जावई मिळाला तो असा, हे त्यांना कुठेतरी सलत होतं. आणि ते सलतंय हे जावईबापूंना त्याहून जास्त सलत होतं. या माणसाच्या नजरेत एकदा पास व्हायचं, एवढी एकच इच्छा त्यांनी इतकी वर्षं उराशी धरली होती. पगारवाढ, बढती वगैरे मग सवडीने बघता आलं असतं.

तर झालं असं. वेफर तळण्याआधी बटाट्याच्या चकत्या धुतात, आणि ते धुतलेलं पांढरट पाणी दिवसभर मागच्या गटारात जातं. त्या पाइपाला एका सांध्यापाशी गळती होती. गळतीखाली अंगणात एक डबकं झालं होतं आणि ते डबकं हिरवंगार होतं. हजार माणसं त्याच्या कडेने नाक दाबून गेली असतील. जावईबापू एका दुपारी थांबले, का थांबले देव जाणे, आणि त्यातलं चमचाभर पाणी त्यांनी नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. बघतात तर आत हिरव्या गोळ्यांची ही गर्दी. काही गोळ्या गिरक्या घेत होत्या. गुणवत्ता विभागात इतका जिवंतपणा यापूर्वी कधीच आला नव्हता.

त्यांनी पुस्तकं आणली, वाचली, आणि जे समजलं त्याने त्यांची झोपच उडाली. बटाट्याच्या धुवणात जे उतरतं ते म्हणजे खतच. आपण ते फेकतो. शेवाळ ते खाऊन वाढतं, पाणी जाता जाता साफ करतं, आणि वाढलेलं शेवाळ वाळवलं की कोंबड्यांना, माशांना चारा. म्हणजे घाण जाते, चारा येतो, आणि मधे काम करणारा कामगार उन्हाशिवाय काही मागत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हे सगळं त्यांनी एका दमात मॅनेजरला सांगितलं.

"खाण्याच्या कारखान्यात शेवाळ?" मॅनेजर म्हणाला. "उद्या झुरळं पाळायची परवानगी मागाल."

पण कारखान्याच्या मालकीणबाई मागून जात होत्या. बाई मोजकं बोलणाऱ्या. त्या थांबल्या, ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "इथे नको. घरी करून दाखवा. हौद हिरवा झाला की मी स्वतः येऊन बघेन. जमलं तर मागचं अंगण तुमचं. नाही जमलं तर तिथे सिमेंट घालून गाड्या लावायला जागा करते, तसंही मनात आहेच माझ्या."

जावईबापू घरी आले ते जिने चढले की उडाले हे त्यांनाच आठवत नव्हतं. जेवताना त्यांनी घास हातात धरून सगळं सांगितलं. बायको म्हणाली, "अहो, घरात नको, गच्चीवर काय घालायचा तो गोंधळ घाला." सासरेबुवांनी ताक संपवलं, भांडं खाली ठेवलं आणि विचारलं, "म्हणजे आता वेफर्स नाही, वेफर्सचं धुवण?"

हा वार जावईबापूंनी मुकाट सोसला. अंगण मिळू दे, मग बोलू.

भंगारवाल्याकडून एक निळी प्लास्टिकची टाकी अर्धी कापून आणली. तो हौद. खाली तो आटोपशीर दिसत होता. जिन्यात शिरल्यावर फुगला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो असा अडकला की वर जाईना, खाली येईना. त्या वेळी नेमके सासरेबुवा फिरायला निघालेले, ते वरच्या बाजूला अडकले. खालून सगळे सल्ला द्यायला जमले. नर्सबाई म्हणाल्या, साबण लावा. इमारतीचे सेक्रेटरी म्हणाले, आधी लेखी विचारायला हवं होतं. दुसऱ्या मजल्यावर केक करून विकणाऱ्या काकू होत्या, त्यांनी भिंतीला लोणी चोळून पाहिलं. सासरेबुवा वरच्या पायरीवर बसून राहिले. त्यांना चहा हौदावरून हातोहात पोचवावा लागला. शेवटी हौद सुटला तो लोण्याने की वैतागाने ते कळलं नाही, पण सुटताना भिंतीचा रंग बरोबर घेऊन गेला, आणि त्याबद्दल सेक्रेटरींनी जावईबापूंना एक पत्र दिलं, हातात, समोरासमोर उभं राहून.

मग पाणी आणायचं काम. रोज संध्याकाळी स्कूटरच्या पायाशी बटाट्याच्या धुवणाचे दोन कॅन ठेवून जावईबापू घरी यायचे. आता हे पाणी ताजं असतं तोवर सोज्वळ असतं, पण उन्हात तापलं की त्याचा स्वभाव बदलतो. एकदा चौकात सिग्नलला थांबले असताना एका कॅनचं झाकण उडालं. शेजारच्या गाडीतल्या बाईंनी हळूच काच वर केली आणि वर करता करता त्यांच्याकडे अशा दयेने पाहिलं की जावईबापूंना ओरडून सांगावंसं वाटलं, बाई, हे विज्ञान आहे. पण सिग्नल सुटला.

सेक्रेटरींनी बैठक बोलावली. गच्चीच्या नियमांत, ते म्हणाले, कपडे वाळत घालायला परवानगी आहे, गहू वाळत घालायला आहे, पण शेवाळाचा उल्लेख नाही.

"शेवाळही शेवटी वाळतच घालायचं आहे," जावईबापू म्हणाले.

सेक्रेटरी विमा विकायचे. शब्दात पकडण्याची सवय त्यांना होती, पकडलं जाण्याची नव्हती. त्यांनी नियमांचा कागद उलटा करून पाहिला, मागे काही नव्हतं, आणि बैठक संपली. जावईबापूंनी विजयी मुद्रेने सासरेबुवांकडे पाहिलं, तर ते डुलकी काढत होते.

मग डास खात्याचा माणूस आला. त्याला कोणी कळवलं हे सगळ्यांना माहीत होतं आणि सेक्रेटरी त्या दिवशी गावाला गेले होते. माणूस सभ्य होता. तो म्हणाला, साठवलेलं पाणी उघडं ठेवता येत नाही. जावईबापू म्हणाले, झाकलं तर ऊन लागणार नाही, शेवाळ मरेल. तो म्हणाला, मग हे पाणी नाही, लागवड आहे असं बागांच्या खात्याकडून आणा. बागांच्या खात्याला फोन लावला. तिकडच्या बाईंनी विचारलं, मूळ आहे का, खोड आहे का, पान आहे का. काहीच नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, मग ते आमच्याकडे येत नाही, प्राण्यांच्या खात्याला विचारा. प्राण्यांच्या खात्यातल्या गृहस्थांनी विचारलं, हलतं का?

"सूक्ष्मदर्शकाखाली हलतं," जावईबापू प्रामाणिकपणे म्हणाले.

"चावतं?"

"नाही."

"मग आम्ही त्यात पडत नाही."

जी वस्तू झाड नाही, प्राणी नाही आणि नुसतं पाणीही नाही, तिचं काय करायचं हा प्रश्न अखेर डास खात्याच्या माणसानेच सोडवला. तो म्हणाला, तुमची मच्छरदाणी टाका वरून. उजेड आत जाईल, डास जाणार नाहीत, मी 'झाकलेलं आहे' असं लिहितो. त्या दिवसापासून हौद गुलाबी मच्छरदाणीत सुखाने झोपू लागला आणि जावईबापू उघड्यावर. सकाळी त्यांच्या कपाळावर डासांच्या गांधी उठलेल्या असत आणि ते दात न घासता गच्चीवर पळत.

डबक्यातलं बादलीभर हिरवं पाणी विरजण लावावं तसं त्यांनी हौदात घातलं होतं. धुवण निवळून, पातळ करून, मापाने घालायचं. माशांच्या पेटीला लावतात तसला पंप हवेचे बुडबुडे सोडत होता. पहिले काही दिवस काहीच होईना. पाणी गढूळ ते गढूळच. नर्सबाई रोज कामावर जाताना "कसं आहे?" म्हणून विचारायच्या, तेही आवाज खाली आणून, पेशंटच्या नातेवाइकांना विचारतात तसं. आणि मग एका सकाळी मच्छरदाणी उचलली तर पाण्यावर कोवळी पोपटी झाक. जावईबापू खाली बसले, डोळे चोळले, पुन्हा पाहिलं. होती. दुसऱ्या दिवशी ती दाट झाली. चार दिवसांत हौदाचा तळ दिसेनासा झाला. जावईबापू जिन्यातून ओरडत खाली आले आणि जो भेटेल त्याला हात धरून वर नेऊ लागले. इस्त्रीवाला तर कपड्यांचं गाठोडं खांद्यावर घेऊनच वर गेला.

इमारत बदलली. खोटं नाही सांगत, चारच दिवसांत बदलली. जे नाक मुरडत होते ते पाहुणे घेऊन वर येऊ लागले. सेक्रेटरी आपल्या गिऱ्हाइकांना हौद दाखवून "आमचा प्रकल्प" म्हणू लागले. काकूंनी मच्छरदाणीला झालर लावून दिली. जावईबापूंनी कारखान्यातला सूक्ष्मदर्शक घरी आणून गच्चीवरच्या कठड्यावर मांडला, आणि लोक रांग लावून त्या हिरव्या गोळ्यांच्या गिरक्या बघू लागले. एकदा सासरेबुवाही चढून आले. त्यांनी चष्मा काढला, डोळा लावला, बराच वेळ लावून ठेवला.

"हं," सासरेबुवा म्हणाले आणि खाली गेले.

आता हेडमास्तरांचं 'हं' म्हणजे काय, हे ज्याने त्यांच्या शाळेत दिवस काढले त्यालाच ठाऊक. बायको म्हणाली, "बाबांचं हं म्हणजे काठावर पास." जावईबापूंना काठावर नको होतं. येत्या रविवारी मालकीणबाई यायच्या होत्या. अंगण मिळालं की मग बघू हं म्हणतात की आणखी काही.

आणि इथे त्यांची जीभ घसरली. गच्चीवर जमलेल्या मंडळींना त्यांनी छाती फुगवून सांगितलं, "बघा, आपण जे टाकून देतो ते याचं अन्न. बटाट्याच्या धुवणावर जगतं बिचारं." त्यांना अभिमान सांगायचा होता. मंडळींना ऐकू आलं ते 'बिचारं'. एवढा गुणी जीव, आणि नुसत्या धुवणावर काढतोय? कारखान्यात त्या आठवड्यात मोठी मागणी आली होती, जावईबापू उशिरापर्यंत तिकडे अडकत होते, आणि इकडे इमारतीच्या मायेला पूर आला. काकूंनी उरलेलं दूध ओतलं, मग केकच्या कडा कुस्करून घातल्या. नर्सबाईंनी भाताचं पाणी दिलं, आजारातून उठलेल्यांना तेच देतात म्हणून. सेक्रेटरींनी घरात पडून असलेला ताकदीच्या पावडरचा डबा रिकामा केला. बायकोनेही, नवऱ्याला बरं वाटावं म्हणून, डाळीचं धुवण रोज न चुकता घातलं. प्रत्येकजण इकडे तिकडे बघून, कोणाला न सांगता घालत होता, कारण पुण्यकर्माचा गाजावाजा करू नये. आणि कळस म्हणजे खुद्द जावईबापू. मालकीणबाई यायच्या, हौद कसा भरल्या अंगाचा दिसला पाहिजे, म्हणून मापं बाजूला ठेवून त्यांनी शुक्रवारी दाट धुवणाचा अख्खा कॅन आत रिकामा केला.

शनिवारी दुपारी ते घरी आले तर जिन्यातच वास. वर धावले. मच्छरदाणी उचलली. हौदातलं पाणी करडं-तपकिरी झालेलं, वर साय धरलेली, मधून मधून एखादा बुडबुडा फुटत होता आणि प्रत्येक बुडबुड्यातून सडक्या अंड्यांचा वास सुटत होता. कडेला केकचा एक तुकडा तरंगत होता. एवढ्या खाण्यावर सडवणारे जंतू माजले, त्यांनी पाण्यातली हवा खाऊन टाकली, आणि शेवाळ गुदमरलं. सूक्ष्मदर्शकाखाली एकही गोळी फिरत नव्हती.

त्यांनी सगळ्यांना वर बोलावलं. कोणी काय घातलं ते एकेक करून बाहेर आलं. काकूंचा पदर डोळ्यांना लागला. जावईबापू कोणावर रागावणार? सगळ्यात मोठा कॅन त्यांचाच होता.

"एवढंच ना?" काकू नाक पुसत म्हणाल्या. "माझ्याकडे केकवर घालायचा हिरवा रंग आहे. दोन बाटल्या टाकल्या की कोणाला कळतंय."

"मी गच्चीला कुलूप घालतो," सेक्रेटरी म्हणाले. "किल्ली हरवली म्हणू. आठवडाभर तरी निघेल."

जावईबापू उभे राहिले. "मी गुणवत्तेचा माणूस आहे," ते म्हणाले. "आजवर एक खराब पाकीट पास केलेलं नाही. उद्या काय स्वतःच्याच हौदावर खोटा शिक्का मारू? मेलं ते मेलं. उद्या तसं सांगेन." हे बोलताना जिन्याच्या दारात सासरेबुवा उभे आहेत, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं तेव्हा सासरेबुवा म्हणाले, "जेवून घ्या," आणि वळून खाली गेले. जावईबापू जेवले नाहीत. गादीवर पडले आणि भिंतीकडे तोंड करून राहिले. नापास झालो, आणि तेही त्यांच्या डोळ्यांदेखत, एवढंच डोक्यात फिरत होतं.

रविवारी सकाळी मालकीणबाई मॅनेजरला घेऊन आल्या. जिने चढून बाईंना धाप लागली होती. इमारत मागोमाग वर आली. जावईबापूंनी मनात वाक्य तयार ठेवलं होतं. त्यांनी मच्छरदाणी उचलली आणि वाक्य विसरलेच.

हौद हिरवा होता.

हिरवा म्हणजे काय, विचारू नका. रसरशीत, डोळ्यांत भरेल असा हिरवा. वाससुद्धा जवळजवळ गेलेला. मागे कोणीतरी "वा" म्हणालं. मॅनेजरने तोंड उघडलं आणि परत मिटलं. मालकीणबाईंनी वाकून पाहिलं, मान हलवली आणि म्हणाल्या, "छान आहे. बोलले होते तसं. अंगण तुमचं."

झालं की सगळं. यासाठीच तर एवढा आटापिटा. पण जावईबापूंच्या नजरेतून माल सुटत नसे. शेवाळाचा हिरवा पिवळसर असतो, कुठे दाट, कुठे विरळ. हा निळसर होता आणि इथून तिथून एकसारखा. हा काकूंचा उद्योग, असं मनात येऊन त्यांनी काकूंकडे पाहिलं, तर काकू स्वतःच आ वासून हौदाकडे बघत होत्या. मग त्यांची नजर मागे गेली. कपड्यांच्या दोरीखाली सासरेबुवा उभे होते, एक हात खिशात घालून. सासरेबुवा कधी खिशात हात घालत नाहीत. पोरांनी घातले तर छडी मारायचे. दुसऱ्या हाताने ते कंबर दाबत होते. पायजमा गुडघ्यापर्यंत ओला होता. खिशाच्या कडेला हिरवा डाग पसरत चालला होता.

एक सांगायचं राहिलं. सासरेबुवा हेडमास्तर असताना सही हिरव्या शाईने करायचे. निवृत्त झाले तेव्हा त्या शाईच्या उरलेल्या बाटल्या त्यांनी कपाटात जपून ठेवल्या होत्या, कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. पहाटे उठून या म्हाताऱ्या माणसाने हौदातली निम्मी घाण बादलीने उपसली होती, नळाचं पाणी वर वाहून आणलं होतं, आणि मग एकेक करून सगळ्या बाटल्या त्यात रिकाम्या केल्या होत्या.

जावईबापूंना हे सारं त्या एका डागातून कळलं. आता खरं बोलावं तर यांचं नाव येतं. गप्प बसावं तर खराब माल पास होतो. ते मालकीणबाईंकडे वळले.

"मॅडम, हे शेवाळ नाही," ते म्हणाले. "ही शाई आहे. शेवाळ काल मेलं. शाई मी घातली."

मॅनेजरने हौदात बोट बुडवून पाहिलं.

"ते खोटं बोलतायत," मागून तो खणखणीत आवाज आला. सासरेबुवा पुढे आले. त्यांनी खिशातला हात काढून समोर धरला, मनगटापर्यंत हिरवा. "शाई मी घातली. ते आज तुम्हाला खरं सांगणार होते, काल मी माझ्या कानांनी ऐकलंय. जन्मभर मी मुलांना कॉपी करताना पकडलं आणि वर्गाबाहेर काढलं. आज मी केली. मला काय बोलायचं ते बोला. यांचे मार्क कापू नका."

मॅनेजर म्हणाला, "पण असं करायची गरज काय होती?"

सासरेबुवांनी त्याच्याकडे पाहिलं. "काल पोरगं जेवलं नाही," ते म्हणाले.

बायकोने पदर तोंडाला लावला. जावईबापूंना समोरचा हौद दिसेनासा झाला. इतकी वर्षं ते जावई होते. पोरगं आजच झाले होते.

मालकीणबाई कठड्याला टेकल्या. त्यांनी विचारलं, "मेलं कशानं?"

जावईबापूंनी सांगितलं. दूध, केक, भाताचं पाणी, पावडर, डाळ आणि स्वतःचा कॅन, काही लपवलं नाही. किती घातल्यावर वाढत होतं, किती झाल्यावर गुदमरलं, तेही सांगितलं. सांगता सांगता ते विसरलेच की आपण नापास झालोय. हातवारे सुरू झाले, आवाज चढला. नर्सबाई मधेच "हो, त्याच दिवशी मी घातलं" म्हणून पुरवणी जोडत होत्या. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"सिमेंटवाल्याला मी उद्या बोलावलंय," त्या शेवटी म्हणाल्या. "त्याला सांगते अर्ध्याच अंगणात घाल. उरलेल्या अर्ध्यात तुम्ही करा. पण तिथे कोणी केक आणायचा नाही." एवढं बोलून त्या जिना उतरल्या, आणि मॅनेजर त्यांच्या मागून, तोंड उघडं ठेवून.

इमारतीने जो काही कल्ला केला तो वेगळा सांगायला नको. सेक्रेटरींनी जावईबापूंना मिठी मारली आणि मग असं नियमात बसतं का याचा विचार करत बाजूला झाले. बायको चहा करायला पळाली. सगळे खाली गेले आणि गच्चीवर दोघेच उरले. जावईबापू सासरेबुवांच्या पाया पडायला वाकले, तर त्यांनी खांद्याला धरून उभं केलं. शर्टावर पाच हिरवी बोटं उठली.

"ते राहू दे," सासरेबुवा म्हणाले. "आधी हा हौद रिकामा करायचाय. मग नवीन भरायचा. धुवण किती आणि पाणी किती, ते मला नीट समजावून सांग. एकदाच सांगितलंस तर कळायचं नाही मला, दोनदा सांग." आणि पायजमा पुन्हा गुडघ्यापर्यंत गुंडाळून ते बादली घेऊन बसले.

जावईबापू समजावू लागले. तेवढ्यात काकू वाटीत काहीतरी झाकून घेऊन जिन्याच्या दारात आल्या. सासरेबुवांनी बादली खाली ठेवली. "वाटी खाली घेऊन जा," ते त्या जुन्या आवाजात म्हणाले. "आणि सगळ्यांना सांगा. हा हौद माझ्या मुलाचा आहे. त्याला विचारल्याशिवाय यात एक थेंब पडणार नाही."